कल्याणपूरचा ओळंबा आणि कोकणचा किनारा

झाशी जिल्ह्यात, बेतवा आणि धसान या नद्यांमधल्या पट्ट्यात, गुरसराय नावाचे गाव आहे. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही या गावाचा इतिहास सुरू होतो तो अरबी समुद्राच्या काठी, रत्नागिरीजवळच्या नेवरे गावात. गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच इतिहासातील गोविंदपंत बुंदेले, मूळचे नेवऱ्याचे. १७२९ साली थोरल्या बाजीरावांनी महंमदखान बंगशाच्या कचाट्यातून छत्रसालाची सुटका केली, छत्रसालाने आपल्या राज्याचा हिस्सा पेशव्यांना दिला, आणि त्या मुलखाचा कारभार गोविंदपंतांकडे आला. पुढे सागर, जालौन, काल्पी आणि गुरसराय या ठिकाणी खेर घराण्याच्या शाखा रुजल्या.

नेवरे ते गुरसराय हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी अकराशे किलोमीटरहून अधिक भरते. हा प्रवास करणाऱ्या कोणाहीजवळ आजच्या अर्थाचा नकाशा नव्हता. गंमत अशी की पुढे शंभर वर्षांनी जेव्हा कोकण किनाऱ्याचा शास्त्रशुद्ध नकाशा तयार होऊ लागला, तेव्हा त्या किनाऱ्यावरील प्रत्येक बंदराचे अक्षांश-रेखांश ज्या एका बिंदूपासून मोजले गेले, तो बिंदू कोकणात नव्हता. तो होता माळव्याच्या कडेला सिरोंजजवळ, गुरसरायपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर. किनाऱ्याचा नकाशा देशाच्या मध्यभागी का टांगावा लागला, आणि त्याचा आज समुद्राने किती जमीन गिळली या प्रश्नाशी काय संबंध, हे समजून घेण्यासारखे आहे.

मजल दरमजल

नकाशा नव्हता याचा अर्थ वाटेचे ज्ञान नव्हते असा नाही. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता बुऱ्हाणपूर, हंडिया, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर असा आग्र्याला जात असे. नर्मदा कोठे उतरावी, कोणत्या मुक्कामी पाणी आहे, कोणत्या घाटात लुटारूंचे भय आहे, पावसाळ्यात कोणता नाला अडवतो, हे वाटाडे, कासीद आणि लमाणांचे तांडे यांना मुखोद्गत असे. अंतर कोसात सांगितले जाई आणि काळ मुक्कामांत. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे असेच मुक्कामामागून मुक्काम करीत झाशीपर्यंत पोहोचले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक वाचताना रस्ता म्हणजे गावांची आणि माणसांची एक मालिका असल्याचे जाणवते.

या ज्ञानाची रचना दोऱ्यासारखी होती. दोऱ्यावरील मणी क्रमाने ठाऊक असतात. परंतु एका दोऱ्यावरील मणी दुसऱ्या दोऱ्यावरील मण्यापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला, हे त्यातून कळत नाही. शिवाय कोस हे माप प्रांतागणिक बदलत असे. मराठेशाहीतील जे चित्रनकाशे आज उपलब्ध आहेत, त्यांत किल्ले, नद्या आणि गावे ओळखता येतात, पण त्यांवर पट्टी ठेवून अंतर काढता येत नाही. ते त्यांचे प्रयोजनही नव्हते.

इंग्रजांचे सुरुवातीचे नकाशेही फार वेगळे नव्हते. १७७८ साली कर्नल लेस्ली यांची फौज काल्पीजवळ यमुना ओलांडून बुंदेलखंडात शिरली. खेर घराण्यातील बाळाजी गोविंद यांनी तिला विरोध केला. लेस्ली वाटेतच वारले, आणि कर्नल गॉडर्ड यांनी ती फौज नर्मदेपार नेऊन फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेस पोहोचविली. त्या काळी अशा वाटचालींत चाकाच्या मापयंत्राने अंतर आणि होकायंत्राने दिशा नोंदवीत. जेम्स रेनेल यांनी १७८२ मध्ये प्रसिद्ध केलेला हिंदुस्थानचा नकाशा अशाच वाटांच्या नोंदी, अधूनमधून घेतलेले आकाशस्थ वेध आणि किनाऱ्यावरील जहाजांच्या नोंदी एकत्र जुळवून बनविलेला होता. वाटेची वळणे हिशेबात धरण्यासाठी मोजलेल्या अंतरातून अंदाजाने काही भाग वजा केला जाई. दोरे वाढले होते, पण त्यांचे विणलेले कापड अजून झाले नव्हते.

आडव्या वाटांचा मुलूख

कोकणात हा प्रश्न अधिकच अवघड होता. किनारा आणि सह्याद्री यांच्यामध्ये सुमारे पन्नास किलोमीटर रुंदीची अरुंद पट्टी. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान, आणि समुद्राजवळ येताच त्यांच्या रुंद खाड्या होतात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, अर्जुना, वाघोटण या प्रत्येक खाडीने किनारा तोडलेला आहे. त्यामुळे उत्तर-दक्षिण चालत जाणाऱ्याला ठिकठिकाणी तर शोधावी लागे. त्या दिशेचा खरा रस्ता समुद्र हाच होता, आणि त्यावर गलबते व मचवे चालत.

जमिनीवरच्या वाटा मात्र आडव्या, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. भरतीच्या पाण्याबरोबर पडाव खाडीत आत शिरत आणि भरतीचा जोर जेथे संपे तेथे माल उतरत असे. कोकणातील जुनी व्यापारी गावे नेमकी या जागी वसलेली आहेत: वाशिष्ठीवर चिपळूणचे गोवळकोट, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेच्या खाडीवर राजापूर, वाघोटणच्या खाडीवर खारेपाटण. तेथून बैलांच्या पाठीवर माल लादून कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा किंवा फोंडा घाटाने देशावर नेत. मीठ, सुके मासे आणि नारळ वर जात. धान्य, गूळ, तंबाखू खाली येत. म्हणजे गावाचे स्थान चंद्राच्या आकर्षणाने ठरविले आणि वाटेची दिशा सह्याद्रीच्या खिंडींनी.

असा मुलूख कागदावर उतरविताना चाकाचे मापयंत्र उपयोगी पडत नाही. घाटातील नागमोडी वाट जितकी मोजली जाईल तितकी क्षितिजसमांतर अंतराबाबत फसवील, आणि दोन शेजारच्या खाड्यांच्या वाटा एकमेकींना सह्याद्रीच्या माथ्यावर गेल्याशिवाय भेटतच नाहीत. येथे त्रिकोणनालाच पर्याय नव्हता. एक पायारेषा अचूक मोजावी, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या शिखराचे कोन घ्यावेत, त्रिकोणमितीने उरलेल्या बाजू काढाव्यात, आणि त्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारावा. प्रत्यक्ष चालत जाऊन मोजावी लागते ती एकच रेषा. पुढचे सारे दृष्टीने आणि गणिताने होते.

जर्विस यांचे कोकण

पेशवाई बुडाल्यानंतर लवकरच मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातील थॉमस बेस्ट जर्विस यांच्याकडे दक्षिण कोकणच्या सर्वेक्षणाचे काम आले. १८२० चे सारे दशक त्यांनी त्यात घालविले. त्यांचे बंधू जॉर्ज जर्विस यांचे नाव मराठी वाचकांना दुसऱ्या कारणाने परिचित असावे. मुंबईत एतद्देशीय तरुणांना सर्वेक्षण आणि गणित शिकविण्यासाठी त्यांनी संस्था चालविली आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने हटन यांच्या गणितग्रंथांवरून मराठी पाठ्यपुस्तके सिद्ध केली. मराठीतून आधुनिक गणित शिकलेल्या पहिल्या पिढीपुढचा एक मोठा उद्योग म्हणजे जमिनीची मोजणी.

थॉमस जर्विस यांना डोंगर आणि खाड्या एवढ्यावर समाधान नव्हते. कोकणच्या भूगोलावर, जमीनधारणेवर आणि महसुलावर त्यांनी लिहिलेला विस्तृत ग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. ठिकठिकाणची वजने आणि मापे निरनिराळी असल्याचे पाहून साऱ्या हिंदुस्थानासाठी शास्त्रीय पायावरील एकच मापपद्धती असावी, असा आग्रह त्यांनी १८३० च्या दशकातच धरला होता. गावाचा शेर आणि बिघा बदलतो तेथे नकाशावरील अंतराला व्यवहारात अर्थ उरत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेले होते.

याच काळात दुसरे एक काम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत होते. विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासेकडून सुरू केलेले त्रिकोणमितीय महासर्वेक्षण २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला तेव्हा विदर्भात पोहोचले होते. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती सूत्रे हाती घेऊन त्रिकोणांची माळ सिरोंजपर्यंत नेली आणि १८२४–२५ मध्ये तेथे सुमारे सात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. १८३७–३८ मध्ये तीच रेषा अधिक सुधारलेल्या साधनाने पुन्हा मोजण्यात आली. पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्यांपासून बनविलेल्या या साधनात तापमान बदलले तरी खुणेच्या दोन बिंदूंमधील अंतर बदलत नसे. सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथील स्थानक पुढे संपूर्ण देशाच्या मोजणीचा आरंभबिंदू ठरले. दक्षिणेतून बुंदेलखंडाकडे जाणारी मराठी माणसे ज्या सिरोंजवरून जात, त्याच सिरोंजजवळ देशाच्या नकाशाची खुंटी ठोकली गेली.

वाद कशाचा होता

१८३७ च्या सुमारास एव्हरेस्ट यांची प्रकृती ढासळलेली होती. कंपनीच्या संचालकांनी त्यांचे संभाव्य उत्तराधिकारी म्हणून जर्विस यांची निवड केली. जर्विस यांनी इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांपुढे हिंदुस्थानच्या सर्वेक्षणाविषयी आपल्या योजना मांडल्या, आणि रॉयल सोसायटीच्या अनेक सदस्यांनी त्यांना पाठिंबा देणारे निवेदन कंपनीकडे पाठविले. एव्हरेस्ट अजून पदावर होते. त्यांनी संतापून सोसायटीचे अध्यक्ष राहिलेले ड्यूक ऑफ ससेक्स यांना उद्देशून पत्रे लिहिली आणि १८३९ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. अखेर एव्हरेस्ट १८४३ पर्यंत पदावर राहिले, त्यांच्यानंतर अँड्र्यू वॉ आले, आणि जर्विस यांना ते पद कधीच मिळाले नाही.

व्यक्तिगत अहंकार बाजूला ठेवला तर या वादात एक खरा वैज्ञानिक प्रश्न होता. जर्विस यांच्या नकाशात तपशिलाची श्रीमंती होती, पण त्यांचे त्रिकोणन महासर्वेक्षणाच्या कसोटीला उतरणारे नाही, अशी एव्हरेस्ट यांची भूमिका होती. त्रिकोणांच्या माळेत चूक साठत जाते. कोनातील एका विकलेची चूक शंभर किलोमीटर अंतरावर सुमारे अर्ध्या मीटरची होते, आणि पुढचा प्रत्येक त्रिकोण ती वारशाने घेतो. स्थानिक नकाशा आपल्यापुरता उत्तम असला तरी शेजारच्या नकाशाला जोडताना कडा जुळत नाहीत. पुढील दशकांत दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर महासर्वेक्षणाची स्वतंत्र त्रिकोणमाळ टाकण्यात आली आणि किनारा त्या मोठ्या चौकटीत बांधला गेला.

जर्विस यांच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय मात्र त्यांच्या बाजूने बोलतो. १८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू असताना ब्रिटिश सैन्याजवळ त्या प्रदेशाचा धड नकाशा नव्हता. जर्विस यांनी ब्रुसेल्समध्ये रशियन लष्करी नकाशाची प्रत मिळविली, आणि १८५५ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली युद्ध खात्याचा नकाशा आणि आकडेवारी विभाग सुरू झाला. चौकट अचूक हवी हे एव्हरेस्ट यांचे म्हणणे बरोबर होते. चौकटीत भरण्याजोगे काही हवे, हे जर्विस यांना ठाऊक होते.

ओळंबा सरळ लोंबतो का?

आता कल्याणपूरकडे. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने नकाशाच्या गणितासाठी तिच्या जागी एक आदर्श लंबगोल कल्पावा लागतो, आणि तो कोठेतरी खऱ्या पृथ्वीला टेकवावा लागतो. एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेला लंबगोल कल्याणपूर येथे टेकविला गेला. तेथील अक्षांश ताऱ्यांच्या वेधांवरून ठरले, आणि वेध घेताना ‘खाली’ म्हणजे काय, हे ओळंब्याने किंवा पारायंत्राने ठरते.

परंतु ओळंबा जवळच्या वस्तुमानाकडे ओढला जातो. हिमालयाच्या अलीकडे, मुजफ्फरनगरजवळच्या कलियाना येथे घेतलेले वेध आणि कल्याणपूरचे वेध यांवरून दोन्ही स्थानांच्या अक्षांशांतील फरक काढला, तर तो त्रिकोणांच्या माळेवरून मिळालेल्या फरकापेक्षा ५.२४ विकलांनी कमी आला. जमिनीवर ही तफावत सुमारे १६० मीटर. कलकत्त्याचे आर्चडीकन आणि गणिती जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब करून दाखविले की तफावत खरे तर सुमारे १५.९ विकलांची असायला हवी. म्हणजे कोडे ओळंबा ढळतो हे नव्हते. तो अपेक्षेपेक्षा कमी का ढळतो, हे होते. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचविले की पर्वतांना खाली हलक्या पदार्थाची मुळे असावीत, पाण्यात तरंगणाऱ्या हिमनगासारखी. प्रॅट यांनी घनतेतील फरकाचा दुसरा पर्याय मांडला. पृथ्वीच्या कवचाच्या समस्थायित्वाची संकल्पना या ५.२४ विकलांतून जन्मली. नकाशातील एक चूक शोधताना पर्वतांच्या पोटातले रहस्य हाती लागले.

चुका तेवढ्याने संपल्या नाहीत. रेखांश मद्रास वेधशाळेच्या आधारे घेतले जात, आणि मद्रासचे रेखांश गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे यांसारख्या वेधांवरून ठरलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारायंत्राने वेळ जुळवून ते पुन्हा काढले, तेव्हा कल्याणपूरचे रेखांश ७७° ४१′ ४४.७५″ ऐवजी ७७° ३९′ १७.५७″ असल्याचे ठरले. फरक २ कला २७ विकला. रत्नागिरीच्या अक्षांशावर हे अंतर चार किलोमीटरहून अधिक होते. जुन्या नकाशांवर नेवरे आपल्या जागेपासून चार किलोमीटर पूर्वेला आहे. पण गुरसरायही त्याच कोनाने पूर्वेला आहे. म्हणून दोन गावांमधील अंतर, घाटाची दिशा, खाडीचा आकार, यांपैकी काहीही बिघडले नाही. सारा देश एकसंध सरकला. सापेक्ष स्थान अचूक असून निरपेक्ष स्थान चुकीचे असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

आज हे का महत्त्वाचे

देशाच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग १९९० ते २०१८ या काळात धूप सोसत होता, असे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या उपग्रहचित्रांवर आधारित अभ्यासात दिसून आले. परंतु उपयुक्त उपग्रहचित्रे १९७० च्या दशकापासूनच मिळतात. त्याआधीचा किनारा पाहायचा तर जुन्या स्थलवर्णनात्मक नकाशांखेरीज फारसा मार्ग नाही. राजापूरची खाडी गाळाने भरत गेल्याने गलबतांचा मुक्काम जैतापूरकडे सरकला. असे बदल या नकाशांत आणि त्यांतील वाटांत वाचता येतात. संशोधक हे नकाशे स्कॅन करून त्यांवर आजचे चित्र ठेवतात, आणि येथेच कल्याणपूर पुन्हा समोर येते.

आजचे उपग्रह-स्थाननिर्धारण पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी जोडलेला लंबगोल वापरते. एव्हरेस्ट यांचा लंबगोल त्यापेक्षा थोडा लहान आहे, आणि कल्याणपूरला टेकविल्यामुळे त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून आठशे मीटरहून अधिक दूर पडते. रेखांशांची ती जुनी चूक सुधारलेल्या विसाव्या शतकातील नकाशावरूनही रत्नागिरीतील एखाद्या देवळाचे अक्षांश-रेखांश घेऊन ते तसेच्या तसे मोबाइलमध्ये भरले, तर खूण देवळावर पडत नाही. ती शंभर मीटरहून दूर पडते. यातील पूर्व-पश्चिम घटक सत्तर मीटरच्या आसपास आहे, आणि कोकणचा किनारा उत्तर-दक्षिण असल्याने हाच घटक घातक. शंभर वर्षांनी भागले तर वर्षाला सत्तर सेंटिमीटरची धूप किंवा भर, जी मुळात झालेलीच नाही. त्याहून वाईट म्हणजे उलट दिशेची खरी धूप या चुकीखाली पूर्णपणे झाकली जाऊ शकते.

याखेरीज दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक इंचास एक मैल या प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर बत्तीस मीटर रुंद असते. आणि नकाशावरील किनारा ही भरतीची रेषा असते, उपग्रहचित्रातील किनारा मात्र त्या क्षणीच्या पाण्याची कड असते. मंद उताराच्या पुळणीवर दोन मीटरच्या भरती-ओहोटीने ही कड पन्नास-साठ मीटर सहज सरकते. म्हणून जबाबदार अभ्यासात देवळे, किल्ल्यांचे बुरूज, खडकाळ टोके अशा न सरकणाऱ्या खुणा आधी जुळवून घेतात, उरलेली तफावत मोजून जाहीर करतात, आणि मगच समुद्राविषयी बोलतात. एखाद्या गावाला संरक्षक बंधारा मिळणार की नाही, कोणती घरे धोक्याच्या रेषेत येणार, हे निर्णय अशा आकड्यांवर ठरतात. तेथे सत्तर मीटर म्हणजे एका वाडीची रुंदी.

भारतीय सर्वेक्षण विभागाने आता जागतिक लंबगोलावर आधारित नकाशे स्वीकारले आहेत आणि अखंड चालणाऱ्या उपग्रह-संदर्भ केंद्रांचे जाळे उभारले आहे. कल्याणपूरचे काम संपले असे वाटू शकते. परंतु जोपर्यंत जुन्या किनाऱ्याचा एकमेव साक्षीदार जुना नकाशा आहे, तोपर्यंत त्याची साक्ष समजण्यासाठी तो कोणत्या खुंटीला टांगलेला होता हे माहीत असावेच लागेल. नेवऱ्याहून निघालेल्या माणसांना वाटेवरचे एकेक गाव ठाऊक होते. त्या गावांना एकमेकांशी आणि समुद्राशी जोडणारी चौकट सिरोंजच्या माळावर, एका ओळंब्याच्या आधाराने उभी राहिली. आणि त्या ओळंब्याचा कल किती, हे विचारल्याशिवाय किनाऱ्यावरची कोणतीही रेषा वाचता येत नाही.